बेंबी आत ओढून बोलतोय, तात्या

तात्या, आज सकाळी चटईवर उताणा पडून तुमच्याशी बोललो. गुडघे दुमडलेले, तळपाय जमिनीला टेकलेले, एक हात पोटावरच्या पिशवीवर. बेंबी हळूच पाठीकडे ओढून धरली आणि बोलायला लागलो. मोठ्याने बोललो, कारण मनातल्या मनात बोललेलं तुम्हाला कधी चाललं नाही. "तोंडानं बोल," म्हणायचात. "बोलता आलं म्हंजी दम कोंडला न्हाई." रेखा दारातून डोकावून गेली. नवरा शेजारच्या रिकाम्या चटईशी बोलतोय हे बघून ती पहिल्या दिवशी घाबरली होती, आता चहा ठेवून निघून जाते. बोलून झाल्यावर उठलो, तेही तुमच्याच रीतीने, आधी कुशीवर वळून, मग हातांनी जमीन रेटून. आणि जे बोललो ते आता लिहून काढतोय.

तुम्हाला जाऊन अजून महिना झालेला नाही. चौकातला फ्लेक्स तसाच आहे. त्यावर खांद्यावर गदा घेतलेले, काळ्याभोर मिशांचे तुम्ही आहात आणि खाली तुमच्या तालमीतल्या पठ्ठ्यांचे फोटो दाटीवाटीने बसवलेत. तो पैलवान मी कधी पाहिलाच नाही. माझे तात्या म्हणजे ढगळ सदऱ्यातला, पंख्याखाली माझ्या शेजारी आडवा झालेला, "अरं सोड की श्वास, साठवून काय बँकेत ठिवणार हाईस का" म्हणणारा म्हातारा. ते फ्लेक्सवर कोण छापणार.

खरं तर आधी तुम्ही मला फारसे आवडत नव्हता. तुम्ही घरमालक, आम्ही भाडेकरू. मोशीतल्या तुमच्या जुन्या शेतावर बांधलेल्या खोल्यांमधली जिन्यावरची खोली आमची. मी लातूरकडून येऊन चाकणला पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढणाऱ्या प्रेस शॉपमध्ये लागलो होतो. कंपनीची बस चौकातून पकडायची, शिफ्ट संपली की त्याच चौकात उतरायचं, आणि तुमचा माझा संबंध पाण्याच्या मोटरपुरता. तुम्ही खालून हाक मारलीत आणि मी "आलो, येऊलालो" म्हटलं की तुम्ही जिन्याखाली उभे राहून "येऊलालो, जाऊलालो" असं माझं बोलणं चघळत राहायचात. मी मनातल्या मनात तुम्हाला चार शब्द ऐकवायचो. तोंडावर हसायचो.

मग माझ्या आतड्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ गेली, पण शौचाची नेहमीची वाट कायमची बंद झाली. डॉक्टरांनी पोटाला डावीकडे भोक करून आतड्याचं टोक तिथून बाहेर काढलं आणि त्यावर पिशवी लावली. त्याला स्टोमा म्हणतात हे मला दवाखान्यात कळलं. व्यायाम शिकवणाऱ्या एक मॅडम खाटेपाशी आल्या. त्यांनी समजावून सांगितलं की पोटाच्या भिंतीला जिथे भोक पाडलंय तिथे ती आता कच्ची राहणार. जोर पडला तर आतडं तिथून फुगून कातडीखाली येऊ शकतं, तोच हर्निया. म्हणून पोटाचे हलके व्यायाम रोज करा, जड उचलू नका. मी मान हलवली. एक अक्षर डोक्यात शिरलं नाही. कंपनीत आणि गावाकडे हे कुणालाही कळू द्यायचं नाही, एवढंच माझं चाललं होतं.

घरी आलो आणि भिंतीकडे तोंड करून पडलो. विचारणाऱ्याला रेखा "अपेंडिक्स होतं" म्हणून सांगायची. तिने व्यायामाची आठवण केली की मी खेकसायचो. शेवटी तिने काय केलं, तर मोटर बंद करायला आलेल्या तुम्हाला जिन्यातच सगळं सांगून टाकलं. तिला वाटलं होतं, मोठं माणूस आहे, चार समजुतीच्या गोष्टी सांगेल.

तुम्ही आत आलात, दार लावलंत, कडी घातलीत. मी म्हटलं, "तात्या, मोटर चालू राहिली का?"

"मोटर गेली खड्ड्यात," म्हणालात, आणि सदरा वर केलात.

तुमच्या पोटावर माझ्यासारखीच पिशवी होती. आणि पिशवीच्या खालची जागा अशी फुगलेली, की कुणी आत नारळ ठेवलाय.

"बगून घे नीट," म्हणालात. "पिशवी देवानं दिली. ह्यो नारळ मातुर म्या सवता कमावला. तुला नगं आसंल तर उद्यापास्नं तालमीत यायचं."

मला हसू फुटलं. ऑपरेशननंतरचं पहिलं हसू, आणि टाके असे ओढले गेले की डोळ्यांसमोर काजवे चमकले. तुम्ही झटकन माझा हात धरून माझ्याच पोटावर दाबलात. "हात. आदी हात, मग हासणं. खोकताना, शिंकताना, हासताना, पोटाला हाताचा टेकू पायजे." माझी शिकवणी तिथेच सुरू झाली.

तालमीत पोरं घाम गाळून, अंघोळी करून गेली की आपली वेळ. लाल मातीच्या हौद्याबाहेर तुम्ही दोन चटया अंथरायचात. मला वाटलं होतं, वस्ताद आहेत, काहीतरी जबर करून घेतील. आणि तुम्ही म्हणालात, झोप. गुडघे दुमड. नाकाने श्वास घे, तोंडाने सोडत सोडत बेंबी पाठीकडे ओढ. जोरात नाही, विजार सैल आहे आणि नाडी बांधायची आहे एवढीच. धरून ठेव आणि बोल. मग तसंच पडल्या पडल्या कंबरेखालची फट जमिनीला टेकवायची आणि सोडायची. मग दोन्ही गुडघे जोडून हळूहळू डावीकडे न्यायचे, हळूहळू उजवीकडे. झालं. मी विचारलं, "तात्या, एवढंच?" तुम्ही म्हणालात, "म्या बी मॅडमला ह्येच इचारलं व्हतं. बाळंतिणीचा व्यायाम हाय म्हनलो. त्या मॅडमला म्या लई हासलो, गोविंदा."

व्यायाम सगळे दवाखान्यातल्या त्याच मॅडमचे होते, तुम्हीही तिथलेच पेशंट. तुम्ही तुमच्या पदरचं त्यात काही घातलं नाहीत. फक्त बोलायला लावणं तेवढं तुमचं. माझा श्वास कोंडला जातोय की नाही हे बघायला तुम्ही मला बोलतं ठेवलंत, आणि त्या नादात माझ्या गावचा ओढा, शाळेतला मार, रेखाला बघायला गेलो तेव्हा बुटात अडकलेला पाय, सगळं तुमच्या कानावर गेलं. माझी पाळी संपली की तुमची. दोन पुरुष छताकडे बघत, पोटं आत ओढून, आयुष्यभराचं बोलत पडलेत. बाहेरून कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, वस्तादांना म्हातारचळ लागला.

दगडाची गोष्ट तुम्ही तिथेच सांगितलीत. गावच्या यात्रेला कुस्त्या लागायच्या आधी तालमीच्या वस्तादाने दगडी गोटी, म्हणजे भला थोरला गोल धोंडा, छातीपर्यंत उचलायची, मगच आखाड्याचा नारळ फुटायचा, ही तुमच्या गावची रीत. तुमचं ऑपरेशन झालं त्यानंतर थोड्याच दिवसांत यात्रा होती. मॅडमचं हसण्यावारी नेऊन तुम्ही आधीच जोर आणि बैठका मारायला लागला होता. पोट घट्ट करायचं तर पैलवानाला दुसरं काय सुचणार. लहानपणापासून एकच शिकवण, दम कोंड आणि लाव जोर. यात्रेच्या दिवशी हलगी वाजायला लागली, लोक तुमच्याकडे बघायला लागले. नाही म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं.

"उचलली," तुम्ही म्हणालात. "शिट्ट्या पडल्या. आन् आत कायतरी उसावल्यावानी झालं. सांजच्याला अंघूळ करताना बगतो तर ह्यो नारळ." मी तुमच्या पोटाकडे बघितलं, बेंबी आतच होती. "दगुड काय जड न्हवता रं. लाज जड व्हती." त्यानंतर तुम्ही गावात सांगितलंत की पाठ धरलीय, आणि पुढच्या यात्रेपासून गोटी किसन उचलायला लागला. तुमचा सगळ्यात तयारीचा पठ्ठा.

नारळ आणखी मोठा होऊ नये म्हणून तुम्ही मॅडमकडे परत गेलात, हसल्याबद्दल कान पकडलेत आणि मुकाट्याने शिकलात. आणि जे तुम्हाला उशिरा मिळालं ते मला वेळेवर दिलंत. मी रुसलो तर रेखाला हाताशी धरलंत, कंटाळलो तर माझी लातुरी नक्कल करून हसवलंत. मॅडमनी सांगितलं होतं, पहिले तीन महिने जड काही नाही, मग बेताबेताने. तुम्ही म्हणालात, "मॅडम तीन म्हयनं म्हंती, म्या वर्स म्हनतो. घाल शपथ." पाण्याचा हंडा रेखा उचलायची, गॅसची टाकी तुमचा मुलगा संभाजी वर आणून द्यायचा. मला ओशाळल्यासारखं व्हायचं. तुम्ही जिन्याखालून ओरडायचात, "पैलवान, बसून ऱ्हावा."

पुढे डॉक्टरांनी मला उभं करून खोकायला सांगितलं, पिशवीभोवती बोटांनी चाचपलं आणि म्हणाले, फुगवटा नाही, भिंत चांगली धरलीय. मी रिक्षातूनच तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, "मॅडमला सांगितलंस का? सांग, म्हाताऱ्यानं करून घेतलं म्हनून."

कंपनीत परत गेलो. पत्र्याच्या तुकड्यांनी भरलेली क्रेट उचलायचं माझं काम मी बदलून मागितलं आणि तपासणीच्या टेबलावर बसलो. साहेबांना कारण सांगितलं, पाठ. तुमचंच कारण मी उचललं. लाइनवरची पोरं क्रेट उचलताना गाल फुगवून, तोंड लाल करून उचलतात, ते आता मला दिसायला लागलं. पूर्वी मीही तसंच उचलायचो. सांगावंसं वाटायचं, राव, श्वास सोडत उचला. पण सांगितलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, तुला काय माहीत.

आपलं भांडण यावरूनच होतं, आणि ते अर्धंच राहिलं. यंदाच्या यात्रेला मी आखाड्याच्या कडेला तुमच्या खुर्चीशेजारी बसलो होतो. किसन गोटीवर वाकला. तुमचा एक हात सदऱ्याखाली पोटावर, आणि तुम्ही ओठातल्या ओठात पुटपुटताय, "श्वास सोड, श्वास सोड, किसन्या." किसनने दम कोंडून उचलली. नारळ फुटला. मी म्हटलं, "तात्या, त्याला सांगा की. एवढी पोरं तुमच्या हाताखाली आहेत, एकालाही ठाऊक नाही तुमचं काय झालं ते."

"काय सांगू? वस्तादाचं पोट फाटलं म्हनून सांगू?"

"हो. तेच सांगा."

"तू सांगितलंस का कंपनीत?"

मी आखाड्याकडे बघायला लागलो. तुम्ही जिंकलात असं वाटून तुम्ही शेंगा सोलायला लागलात. सोलता सोलता म्हणालात, "म्या गेल्यावं सांग, काय सांगायचं ते. तवा माझी इज्जत जाऊ दे, न्हाईतर ऱ्हाऊ दे. पर एक ध्यानात ठिव. वर्स भरायच्या आदी म्या गेलो तर माझ्या तिरडीला हात लावायचा न्हाई." मी म्हटलं, काहीतरी अभद्र बोलू नका. आणि मीही शेंगा खाल्ल्या. मला वाटलं, उरलेलं भांडण चटईवर करू. आपल्याकडे वेळ भरपूर होता.

त्या सकाळी मी तालमीत आलो तर चटया अंथरलेल्या नव्हत्या. मीच अंथरल्या. माझं झोपून झालं, बेंबी ओढून झाली, बोलायला माणूस नाही. मग संभाजी दारात येऊन उभा राहिला. झोपेतच गेला होता तुम्ही. डॉक्टर म्हणाले, हृदय. पोटाचा त्यात काही दोष नव्हता, हे मी मुद्दाम विचारून घेतलं.

अंघोळ घालायच्या आधी संभाजीने मला आत बोलावलं. म्हणाला, "भाऊ, पिशवीचं मला न्हाई जमायचं. तुमीच करा." मी दार लावलं, कडी घातली. कोमट पाण्याने जुनी पिशवी सैल करून काढली, जागा पुसली, कोरडी केली, तुमच्या कपाटातली नवी पिशवी लावली आणि तुम्ही करायचात तसं तळहाताने दाबून धरली, ऊब लागून चिकटावी म्हणून. तुमच्या अंगात ती ऊब राहिली नव्हती, म्हणून माझा हात जास्त वेळ ठेवला. तात्या, तुम्ही मला एवढं दिलंत, त्याच्या बदल्यात मी तुमच्यासाठी केलेलं हे एकच काम. नीट चिकटली होती. शेवटपर्यंत सुटली नाही.

अंगणात अंघोळ घालताना किसनने पाणी ओतलं. त्याने पिशवी पाहिली, नारळ पाहिला. बाकीच्या दोघांनीही पाहिला. किसनने पुढचा तांब्या भरून घेतला.

तिरडी बांधून झाली. संभाजी मडकं घेऊन पुढे उभा. अंगणात तुमचे पठ्ठे, गावातली माणसं, मोशीत राहणारे माझ्या कंपनीतले दोघे-तिघे. किसन माझ्याकडे आला. "गोविंदभाऊ, पुडं या. तात्यांचा शेवटचा पठ्ठा तुमी. पुडचा खांदा तुमचा."

इतका मान मला माझ्या गावातही कुणी दिला नव्हता. आणि मला तो हवा होता, तात्या, खोटं कशाला बोलू. मॅडमला विचारलं असतं तर त्यांनी कदाचित चार पावलांची परवानगीही दिली असती. पण त्यांना विचारायचं नव्हतं, शपथ तुमची होती. "पाठ" हा शब्द माझ्या ओठावर आलासुद्धा. तुम्ही तो किती वर्षं वापरला ते आठवलं, आणि त्याच्यापायी गोटी अजून तशीच दम कोंडून उचलली जाते तेही आठवलं.

मी म्हटलं, "किसनभाऊ, माझ्या पोटाला पिशवी आहे. शौचाची. जड उचललं तर तिथून आतडं फुगतं. तात्यांनी वर्षभर उचलायचं नाही म्हणून शपथ घातलीय."

माझ्या कंपनीतली माणसं माझ्याकडे बघत होती. किसनने माझ्या पोटाकडे बघितलं, मग तिरडीकडे. "तात्यांचं बी उचलूनच झालं का ते?"

"हो. यात्रेतली गोटी. ऑपरेशननंतर लगेच उचलली होती, दम कोंडून."

किसनचं तोंड उतरलं. तुमच्यानंतर ती गोटी त्यानेच उचललेली. मग तो माझ्या दंडाला धरून म्हणाला, "हात नका लावू. तुमी कडंनं चाला." आणि स्वतः पुढच्या बाजूला वाकला. चौघे वाकले, चौघांनी छाती भरून घेतली, आणि माझ्या तोंडून तुमचाच आवाज निघाल्यासारखं निघून गेलं, "कोंडू नका. श्वास सोडत उचला."

आणि त्यांनी उचललं. चौघांनी एकदम श्वास सोडला, तो मला ऐकू आला, आणि तुम्ही वर गेलात, जराही हिसका न बसता.

मी कडेने चालत होतो. माझे दोन्ही खांदे रिकामे होते. चौक गेला, तालीम मागे राहिली, इंद्रायणीकडे उतरणारा रस्ता आला. खोकताना, शिंकताना, हसताना काय करायचं ते तुम्ही शिकवलं होतं. रडण्याचं शिकवायचं राहून गेलं होतं. घाट दिसला आणि मला हुंदका आला. तात्या, हुंदक्याच्या आधी हात पोटावर गेला होता.